चित्रातली पायवाट

ऑफिसात तिला सगळे घार म्हणायचे. वरून बघते आणि नेमकं टिपते म्हणून. नाव ठेवलं होतं कँटीनच्या माणसानं, तेही चेष्टेत; पण चिकटलं ते चिकटलंच. पुढे साहेबसुद्धा तिला घारबाई म्हणू लागले.

शिक्षणानं ती इंजिनिअर. कुठे पूर आला, दरड कोसळली, गाव उठवावं लागलं, की उपग्रहांनी काढलेली चित्रं मागवायची आणि मदत करणाऱ्यांना नकाशे काढून द्यायचे, हे तिचं काम. कुठला रस्ता तुटलाय, कुठे पाणी तुंबलंय, छावणी कुठल्या जमिनीवर उभी करता येईल. तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या खोलीत पडद्यावर चकाकी नको म्हणून खिडक्या कायम झाकलेल्या. बाहेर ऊन आहे की आभाळ आलंय, याचा तिला पत्ता नसायचा. तरी आई घरून फोन करून विचारायची, "काय गं, तुझ्या त्या उपग्रहाला विचार, वाळत घातलेले कपडे आत घेऊ का?"

त्या वर्षी डोंगरातल्या एका गावावर दरड आली. वरची आळी पूर्ण गाडली गेली. सत्तावीस माणसं होती. माती इतकी खोल होती की अकराव्या दिवशी खोदणं थांबवलं. एकही जण सापडला नाही. उरलेल्या चारशे बारा जणांना गाव सोडायला लावलं आणि खाली अर्ध्या तासाच्या अंतरावर, एका गवताळ उतारावर पत्र्याच्या शेड उभारून तिथं ठेवलं. ती जागा घारीनंच शोधून दिली होती. पाणी जवळ, रस्ता जवळ, उतार बेताचा. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं.

त्या खोऱ्याचं चित्र दर तिसऱ्या दिवशी यायचं. उपग्रह सकाळी दहा चाळीसला वरून जायचा आणि दुपारपर्यंत चित्र तिच्या पडद्यावर असायचं. पाचव्या आठवड्यात ती रिकाम्या गावाकडे सहज बघत होती. माणसं उठून गेली की गाव कसं मिटत जातं ते तिला पाठ होतं. आधी अंगणं हिरवी होतात, मग गल्ल्या, मग पाणवठ्याच्या वाटा. इथंही तसंच चाललं होतं. पण दरडीच्या मातीच्या काठापासून एक फिकट रेघ निघाली होती. शंभरेक पावलांची. गवतातून सरळ खाली येत होती आणि मध्येच संपत होती. संपत होती तिथे काही म्हणजे काही नव्हतं. ना घर, ना झाड, ना विहीर.

तिनं जुनी चित्रं काढून पाहिली. दरडीच्या आधी तिथं वाट नव्हती. मग तिला वाटलं, दोन चित्रं जोडताना शिवण पडली असेल. तिनं दुसऱ्या उपग्रहाचं चित्र मागवलं. त्यातही रेघ होती.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. "शेळ्या असतील हो."

"शेळ्या छावणीत आहेत, सर. मोजलेल्या आहेत."

"मग रानडुकरं. घारबाई, आपल्याला माणसांचं काम थोडं आहे का?"

पण तीन दिवसांनी रेघ दोनशे पावलांची झाली. त्यानंतर तीनशे. जणू रोज कोणीतरी थोडं थोडं चालून, आजच्यापुरतं पुरे म्हणून थांबत होतं.

छावणीवर त्यांच्या ऑफिसचा एक मोजणीदार होता. जागेवर जाऊन नकाशा ताडून बघणं हे त्याचं काम. पन्नाशीचा, शांत माणूस. घारीपेक्षा वयानं मोठा असूनही तिला ताई म्हणायचा. तिनं त्याला फोन केला. "दादा, परवा सकाळी वर जाल का? मी तुम्हाला त्या वाटेच्या बरोब्बर मध्यावरचे आकडे देते. जीपीएस बघून तिथंच उभे राहा. दहा चाळीसला उपग्रह जाईल. चित्रात तुम्ही आणि वाट दोन्ही यायला हवं."

"फोटो काढायचा म्हणा की," तो म्हणाला. "दाढी करून जातो."

त्या दिवशी पावणेअकराला त्याचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता.

"ताई, इथं वाट नाहीये."

"नीट बघा. चार फूट रुंद आहे."

"गुडघाभर गवत आहे सगळीकडे. मी आलो तेवढंच दबलंय. फोटो पाठवतो चारी बाजूंचे." मग तो म्हणाला, "निघतो मी आता."

फोटोंत खरंच गवत होतं, हिरवंगार, सलग. दुपारी उपग्रहाचं चित्र आलं. त्यात वाट होती, आधीपेक्षा ठसठशीत. रस्त्याच्या टोकाला जीप दिसत होती. मोजणीदारही दिसत होता, म्हणजे त्याच्या सावलीचा एक काळा ठिपका. पण तो वाटेवर नव्हता. वाटेच्या डाव्या अंगाला, तीन पावलं बाजूला होता.

तिनं तेव्हा त्याला काही विचारलं नाही. यंत्रात तेवढी चूक असू शकते, असं स्वतःला सांगितलं. पण त्या दिवसापासून तिला त्या झाकलेल्या खोलीत एकटं बसवेना. ती दार उघडं ठेवून काम करू लागली.

घरी आईला सगळं सांगायची तिला सवय होती. आई तीस वर्षं डोंगरातल्या वस्त्यांवर टपाल वाटत पायी हिंडलेली. गुडघे गेले होते, पण वाटा डोक्यात शाबूत होत्या. एका रविवारी घारीनं चित्राचा छापील कागद तिच्यापुढे ठेवला. आईनं तो खिडकीशी नेला, भिंग लावलं आणि रेघेवरून सावकाश फिरवलं.

"कोण म्हणतं शेळ्या?" ती शेवटी म्हणाली. "शेळी अशी चालते होय? शेळीची वाट म्हणजे नुसती गुंतवळ. ही माणसांची वाट आहे."

"तिथं माणसं नाहीयेत, आई."

"ते मला नको सांगू. ही बघ, इथं रुंद झालीये. पुढे पुन्हा इथं. ओझं घेऊन चालणारी माणसं अशीच थांबतात. खाली टेकवतात, दम खातात, पुन्हा उचलतात. आणि सारखी थांबलीत बघ. म्हणजे म्हातारी असतील, नाहीतर लेकरं असतील बरोबर."

घार कागदावर वाकली. "ओझं कसलं?"

"ते चित्रात दिसत नाही," आई म्हणाली आणि कागद उलटा करून ठेवला. "चहा टाक. आणि हा कागद घरात ठेवू नकोस."

वाट आता गाव सोडून खाली उतरली होती. रोख उघड उघड छावणीकडे होता. पुढच्या प्रत्येक चित्राच्या दिवशी घार सकाळपासून अस्वस्थ असायची. वाट छावणीत पोचली की काय होईल, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पण पोचू नये असं वाटायचं. एकदा तर आलेलं चित्र तिनं तासभर उघडलंच नाही.

उघडलं तेव्हा वाट छावणीपर्यंत आली नव्हती. छावणीच्या बरीच वर ती एकदम वळली होती.

आणि वळून सरळ गेली असती तर गोष्ट वेगळी. तिनं लांबलचक वळसा घेतला होता, छावणीला पूर्ण मागे टाकून, खडकाळ कड्यावरून, ओढा ओलांडून पलीकडच्या पठाराकडे. त्यापुढच्या दोन चित्रांत ती पठारावर पोचली आणि तिथं थांबली. मग वाढलीच नाही. फक्त अधिकाधिक रुळत गेली.

घार त्या वळशाकडे बघत बसली. शंभर पावलांत पार होणारा सोपा गवताळ उतार सोडून ओझेवाली माणसं अर्धा मैल खडकांतून का जातील? माणूस वळसा घालतो तो काहीतरी टाळायला. वाटेनं टाळला होता तो फक्त एक तुकडा: छावणी आणि तिच्या वरचा उतार.

तिनं छावणीची जुनी फाइल उघडली. जागा निवडताना तिनं स्वतः भरलेला तक्ता होता. पाणी, ठीक. रस्ता, ठीक. जमिनीची हालचाल: आढळली नाही.

हे वाक्य तिनं पुन्हा वाचलं. रडारचा उपग्रह दर सहा दिवसांनी तिथून जातो आणि जमीन गव्हाच्या दाण्याइतकी सरकली तरी सांगतो. पण त्याला खाली टणक काहीतरी लागतं, खडक, छप्पर, खांब. नुसतं गवत असलं की सगळा गोंगाट, काही कळत नाही. त्या उतारावर तेव्हा नुसतं गवत होतं. तिला काहीच कळलं नव्हतं. खरं तर तिनं लिहायला हवं होतं, सांगता येत नाही. घाई होती, चारशे माणसं उघड्यावर होती, आणि तिनं लिहिलं होतं, आढळली नाही.

आता मात्र तिथं पत्रे होते. शेडचे चकचकीत पत्रे, रडारला आरशासारखे. तिनं छावणी उभी राहिल्यापासूनची सगळी रडार-चित्रं मागवली आणि दोन दिवस जागेवरून उठली नाही. वरच्या रांगेतल्या शेड सरकत होत्या. आधी चार मिलिमीटर. मग नऊ. मग एकोणीस. शेवटच्या फेरीत चौतीस. सगळ्या एकाच दिशेला, खाली.

साहेबांनी आकडे पाहिले आणि या वेळी चष्मा कपाळावर चढवला नाही. "हे तुम्हाला आत्ता का सुचलं तपासायचं?"

तिनं वाटेचं चित्र पुढे केलं. साहेबांनी ते पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि चित्र तिच्याकडे परत सरकवलं. "हे कुणाला दाखवू नका. आकडे पुरेसे आहेत. मी मदतवाल्यांशी बोलतो. जागा कुठली सुचवायची?"

"पलीकडचं पठार. खाली सलग खडक आहे. रडारमध्ये एक मिलिमीटर हललेलं नाही."

"ते तपासलंत ना? की वाट तिकडे गेलीये म्हणून?"

"तीनदा तपासलंय, सर."

पण छावणी हलेना. लोकांनी आत्ताच कुठे शेडमध्ये बस्तान बसवलेलं. चुली मांडल्या होत्या, पोरांची शाळा एका शेडमध्ये सुरू झाली होती. "आणखी किती वेळा उठायचं आम्ही?" लोक विचारत होते. "आधी तुम्हीच सांगितलंत ना, इथं धोका नाही म्हणून?" मदतवाल्यांनी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "घारबाई, तुम्ही स्वतः जा."

नोकरीच्या बारा वर्षांत ती क्वचितच आपल्या नकाशातल्या गावात गेली होती. मोजणीदार तिला घ्यायला जीप घेऊन आला. घाटात तिनं विचारलं.

"दादा, त्या दिवशी मी दिलेल्या जागेपासून तुम्ही तीन पावलं बाजूला उभे होतात. यंत्र चुकलं का?"

त्यानं गाडीचा वेग कमी केला. "यंत्र नाही चुकलं. मी बरोबर तुमच्या जागेवर उभा होतो. मग सरकलो."

"का?"

"काय सांगू ताई? समोरून माणसं आली की आपण बाजूला होतो ना, अरुंद वाटेवर? तसा झालो. कोणी नव्हतं. वारासुद्धा नव्हता. पण बाजूला झालो, आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो. सगळी जाईपर्यंत." "नंतर माझं मलाच कळलं की मी मोजत होतो. मोजायची सवयच आहे आपल्याला."

किती, हे तिनं विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

छावणीत लोक जमले होते. घारीनं सरळ कबूल केलं, की जागा तिनं निवडली आणि तिची चूक झाली. "मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं मी लिहिलं नाही," ती म्हणाली. कोणी ओरडलं नाही. त्यामुळे जास्तच जड गेलं. मग एका बाकावरून गावची दाई उठली. सत्तरीची, वाळकी बाई. जमलेल्यांतले निम्मेअधिक तिच्याच हातून जन्मले होते. तिची सून आणि दोन नातवंडं वरच्या आळीत होती.

"नकाशा दाखव," ती म्हणाली.

घारीनं कागद टेबलावर पसरला. त्यावर छावणी होती, ओढा होता, पठार होतं. ती वाट तिनं मुद्दाम काढून टाकलेली होती. मदतवाल्यांनी सामान नेण्यासाठी खालचा जवळचा रस्ता लाल रंगानं दाखवला होता. दाईनं त्या लाल रेघेवर बोटही ठेवलं नाही. तिचं बोट गावाकडून निघालं, उतारावरून खाली आलं, छावणीच्या वर वळलं आणि कड्यावरून, ओढ्यावरून पठारावर जाऊन थांबलं. घारीनं ऑफिसात रोज बघितलेला तोच वळसा, कोपरा न् कोपरा तसाच.

"असं जायचं," दाई म्हणाली.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं, आजी?"

"सांगायला कशाला हवं? रोज सकाळी जातात ना तिकडनं."

"कोण?"

"आमचीच माणसं. पुढे सून असते माझी. तिला घाई फार, पहिल्यापासून."

"तुम्हाला दिसतात?"

दाईनं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की ही शिकलेली बाई काय विचारतेय. "नाही गं बाई. दिसली असती तर थांबवली नसती का? गवत हलतं तेवढं कळतं." मग ती लोकांकडे वळली. "चला, उठा. पत्रे नंतर सोडा, आधी पोरं घ्या."

मागून कोणीतरी कुरकुरलं, की खालचा रस्ता सोपा आहे. बाकीचे लोक उठले. चार दिवस सामान वाहणं चाललं. म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून चौघांनी उचललं, शेळ्या हाकल्या, शाळेचा फळा डोक्यावर घेऊन मास्तर स्वतः गेले. घारीनंही दोन खेपा केल्या. कड्यावरून चालताना गवत गुडघ्याला लागत होतं, खाली कुठेही वाट नव्हती. तरी कोणी अडखळत नव्हतं. आणि थकून ओझं टेकवायला लोक जिथं जिथं थांबत होते, त्या जागा घारीला चित्रातून ओळखीच्या होत्या. पहिल्यांदा हे ध्यानात आलं तेव्हा ती मान वर न करता दाईच्या पाठोपाठ चालत राहिली.

सगळे हलल्यावर आठव्या दिवशी दहा चाळीसचं चित्र नेहमीसारखं काढलं गेलं. त्यात रिकामी छावणी होती, अर्धे पत्रे उतरवलेली. अकरा वाजून पाच मिनिटांनी मोजणीदाराचा फोन आला. फोनमधून नुसता आवाज येत होता, लांबलचक, मालगाडी पुलावरून जावी तसा. तो थांबल्यावर त्यानं एवढंच सांगितलं, "कोणी नव्हतं खाली. दोनदा मोजलेत. चारशे बारा."

घारीनं खुर्चीतच डोळे मिटले.

पुढच्या चित्रात छावणीच्या जागी तपकिरी पट्टा होता, खाली रस्त्यापर्यंत. साहेब मागे येऊन उभे राहिले. दोघंही एकच गोष्ट बघत होते. कोसळलेल्या भागाची वरची कड वाटेला लागून गेली होती, सगळ्या वळणांसकट. वाटेवर माती एक ठिपकाभरही आली नव्हती.

"अहवालात काय लिहिताय?" साहेबांनी विचारलं.

"तेव्हा माहिती नव्हती आणि मी 'आढळली नाही' असं लिहिलं, ते. तक्त्यात आता तिसरा रकाना हवा. सांगता येत नाही, असा."

"नियमित फेरतपासणीत लक्षात आलं, एवढं लिहून भागेल की."

"नाही भागणार, सर."

साहेबांनी तो अहवाल सही करून तसाच पुढे पाठवला. वाटेचा उल्लेख त्यात नव्हता. तेवढं दोघांनी न बोलताच ठरवलं होतं. पुढच्या महिनाभरात चित्रांतली वाट हिरवी होत गेली आणि एका चित्रात उरलीच नाही. मोजणीदारानं बदली मागून घेतली, सामानाच्या गोदामात. घारीनं त्याला कारण विचारलं नाही.

वर्षभरानं पठारावर पक्की घरं झाली आणि नव्या वस्तीचा नकाशा करायचं काम तिच्याकडेच आलं. ती पाहणीला गेली. घरं दाटीवाटीनं बांधलेली, भिंतीला भिंत लागून. जागेवरून भांडणंही झालेली. एकानं दुसऱ्याच्या ओट्यात वीतभर भिंत घुसवलेली. पण वस्तीच्या मधोमध, ओढ्याच्या बाजूनं येऊन, एक चार फुटांची पट्टी मोकळी होती. तिथं कोणी पायरी काढली नव्हती, दोरी बांधली नव्हती, साधी बादलीसुद्धा ठेवली नव्हती. वस्तीच्या मध्यावर ती रुंद होऊन संपत होती.

"ही कोणी सोडायला सांगितली?" तिनं विचारलं.

दाई ओट्यावर बसून एका बाळाला तेल लावत होती. "कोणी नाही. बांधताना ज्यानं त्यानं सोडली."

"कशासाठी?"

"जायला-यायला लागतं की माणसांना," दाई म्हणाली आणि बाळाला पालथं घातलं.

ऑफिसात नकाशा पुरा करताना तिला त्या पट्टीपुढे काय लिहावं कळेना. साहेबांना विचारलं, तर त्यांनी नकाशा जवळ ओढला. मग म्हणाले, "रुंदी मोजलीत ना?"

"मोजली."

"मग रस्ता लिहा."

तिनं रस्ता असं लिहिलं, पुढे रुंदी लिहिली, चार फूट, आणि नकाशा पाठवून दिला.